बटणावरची टिकली

रविवारी सकाळी दहाला नलिनीताईंना फोन करायचा, हा माझा गेल्या चार वर्षांचा नेम. त्या रविवारीही केला. पलीकडे फोन उचलला गेला आणि मला आधी ऐकू आलं ते घर. पंखा फिरत होता, आत कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी खुर्ची ओढली, कुठलीशी बाई ‘दूध उतू जाईल, बघा’ म्हणाली. मला वाटलं, राँग नंबर लागला. मग ताईंची मुलगी वर्षा बोलली, ‘काका... आई गेली. गुरुवारी.’ मला का कळवलं नाही, असं विचारलं तर म्हणाली, ‘आईनंच सांगून ठेवलं होतं. साहेबांना धावपळ करायला लावू नका, रविवारी त्यांचा फोन येईलच.’ मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. आवाजावर नाव कमावलेल्या माणसाला त्या वेळी एवढंच सुचलं.

साहेब म्हणजे डिटेक्टिव्ह साहेब. ज्यांनी त्या काळी रेडिओ ऐकलाय त्यांना खासगी गुप्तहेर जानोरीकर आठवत असेल. तो मी. दिवसा नाशिक रोडला सरकारी नोकरी आणि संध्याकाळी खुनाचा तपास. दर आठवड्याला एक खून व्हायचा, मी संशयितांना एका खोलीत जमवायचो आणि कुणाच्या खोकल्यावरून, कुणाच्या चपलेच्या आवाजावरून खुनी ओळखायचो. लोकांची पत्रं यायची, जानोरीकरांच्या कानातून काही सुटत नाही म्हणून. हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. आमची ही मात्र म्हणायची, ‘चष्मा डोक्यावर आहे, डिटेक्टिव्ह.’

आणि मरायच्या त्या नलिनीताई. सटाण्याकडच्या, पंचवटीतल्या शाळेत शिक्षिका. सावकाराची बायको असो, नर्स असो की नाटकातली नटी, मालिकेत जिचा खून व्हायचा तिचा आवाज बहुतेक वेळा त्यांचाच. पहिल्या दहा मिनिटांत मरून त्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसायच्या आणि उरलेलं रेकॉर्डिंग संपेपर्यंत मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासायच्या. एकदा रविवार कारंज्याच्या चौकात भाजीवाली त्यांना म्हणाली, ‘मॅडम, काल तर तुमाला जिन्यावरनं ढकललं व्हतं ना? लागलं नाय ना लय?’ ताईंनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, ‘थोडं लागलं. पण मेथी ताजी दे.’

त्यांचं मरण ऐकण्यासारखं असे. किंचाळायच्या नाहीत. नुसता श्वास घ्यायच्या, अर्धा सोडायच्या आणि उरलेला अर्धा... तो यायचाच नाही. ऐकणारा तो अर्धा श्वास शोधत बसायचा. पहिल्या दिवशी मात्र त्यांचा प्रत्येक उसासा माईकवर फटकारा मारल्यासारखा आदळत होता. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘माईकला गाल द्या, तोंड देऊ नका. श्वास शेजारून जाऊ दे.’ एकदा सांगितलं, आयुष्यभर पुरलं. दुसरं वेड त्यांचं स्वतःचं. तालमी त्यांच्या घरी व्हायच्या, पुढच्या खोलीत. सुरू करण्याआधी त्या उठून पंखा बंद करायच्या. ऐन मे महिन्यात आम्ही घामानं निथळत असायचो, पण ताईंना घरघर चालायची नाही. ‘माईक माफ करत नाही,’ म्हणायच्या, एक बोट वर करायच्या, आणि सगळं घर गप्प व्हायचं. दहा वर्षांची वर्षासुद्धा वाटी हातात धरून दारातच थांबायची.

मालिका संपली. टेपा त्या काळात पुसून पुन्हा वापरत, त्यामुळे आमच्या कामातलं काहीही उरलं नाही. मी निवृत्त झालो, त्याही झाल्या. भेटी लग्नाकार्यापुरत्या राहिल्या. चार वर्षांपूर्वी आमची ही गेली आणि पुढच्याच रविवारी दहा वाजता ताईंचा फोन आला. सांत्वन वगैरे काही नाही. ‘साहेब, जेवलात का, काय केलंत?’ खिचडी करपल्याचं मी सांगितलं आणि कितीतरी दिवसांनी हसलो. त्यानंतर फोन मी करायला लागलो. मुलगा परदेशात, शेजारी कामाला जाणारे, आठवडाभर माझं बोलणं दूधवाल्याशी. त्यामुळे रविवारी मी सुटायचो. गुडघा, बँकेतली रांग, सोसायटीतली भांडणं, सगळं. शेवटी त्या त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या, ‘सम्दं बरं शे.’ सगळं बरं आहे. ते ऐकलं की माझा आठवडा सुरू व्हायचा.

गेल्या वर्षभरात तीनदा मी भेटायला येतो म्हणालो. पहिल्यांदा घरात रंगकाम काढलं होतं. दुसऱ्यांदा पाहुणे होते. तिसऱ्यांदा पुन्हा रंगकाम. एका वर्षात एका घराला दोनदा रंग कोण देतं? जानोरीकरांनी तिथंच पकडलं असतं. मी ‘बरं, दिवाळीनंतर येतो’ म्हणालो आणि गुडघ्याला हायसं वाटलं. रिक्षानं पाऊण तासाचं अंतर, पण मी गेलो नाही. त्यांचा आवाज ठणठणीत होता ना! फक्त तो थोडा लांबून यायला लागला होता, तोंड बाजूला वळवून बोलल्यासारखा. मी म्हणालोसुद्धा, ‘ताई, फोन बदला आता.’ त्या म्हणाल्या, ‘जुना झालाय हो, साहेब. चालतंय तोवर चालवायचा.’ त्या गाल देत होत्या. मीच शिकवलेलं, आणि मला ओळखू आलं नाही.

चौदाव्या दिवशी मी पंचवटीत ताईंच्या घरी गेलो. भिंतींचा रंग जुनाच होता. वर्षानं सगळं सांगितलं. दीड वर्षापासून ताईंची फुप्फुसं आकसत चालली होती. शेवटचे आठ महिने नाकात नळी, खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आणि त्याची दिवसरात्र घरघर. मी म्हणालो, ‘पण मला फोनवर कधी ऐकू आली नाही ती.’ वर्षा म्हणाली, ‘काका, तुमच्या फोनच्या वेळी आई मशीन बंद करायला लावायची.’

रविवारी साडेनऊलाच त्या उशांना टेकून उठून बसायच्या. कोमट पाणी प्यायच्या. खिडकी लावून घ्यायला सांगायच्या, मग पंखा बंद, मग मशीन बंद. नळी काढून बाजूला ठेवायच्या आणि बोट वर करायच्या. फोन वाजला की आवाज लावायच्या. मी बोलत असताना त्या नुसतं ‘हं’ म्हणायच्या, ते मला लक्ष देऊन ऐकणं वाटायचं. श्वास राखून ठेवत होत्या त्या, शेवटच्या तीन शब्दांसाठी. फोन ठेवल्यावर ओठ निळे पडलेले असायचे, पुढे दोन तास त्यांना बोलता यायचं नाही. ‘मी भांडायचे तिच्याशी. सांगते काकांना, म्हणायचे. तर म्हणायची, त्यांना आठवड्यात बोलायला दुसरं आहे कोण?’

मी घरी येऊन फोन उघडला. कुठल्या रविवारी किती वेळ बोललो, ते त्यात दिसतं. शेवटचा फोन एकतीस मिनिटांचा. मी काय बोललो ते मला नीट आठवतं. नळाला पाणी कमी दाबानं येतं, त्याबद्दल.

वर्षा चांगली आहे. ती म्हणते, ‘काका, आठवड्यातला तेवढाच वेळ आई आजारी नसायची. तुम्ही तिला ते दिलंत.’ तिचं मन मोठं आहे, पण मला ते पटत नाही. आपण कुणाला काय देतो हे ज्याला ऐकूही आलं नाही, त्यानं ते दिलं असं कसं म्हणायचं? आयुष्यभर मी त्यांच्या खोट्या मरणाचा छडा लावला. खरं चालू होतं तेव्हा पाण्याच्या दाबाबद्दल बोललो. याला उपाय नाही, आणि वेळ जाईल तसं बरं वाटेल असं जे सांगतात त्यांच्याशी वाद घालायची ताकदही आता नाही.

त्या दिवशी निघताना मी त्यांच्या खोलीत गेलो होतो. मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलेलं. खाट उभी करून ठेवलेली. खाटेच्या जागेमागे भिंतीवर बटणांचा बोर्ड आहे, सहा बटणांचा. त्यातल्या एका बटणावर लाल टिकली चिकटवलेली दिसली. मी विचारलं तेव्हा वर्षा म्हणाली, ‘मशीनचं बटण ते. दिवसा सांभाळणाऱ्या बाईंना कळावं म्हणून आईनंच लावली, स्वतःच्या कपाळावरची. तुमच्या स्टुडिओत लाल दिवा असायचा ना, तसं. पंख्याचं बंद केलंत आणि हे राहिलं तर साहेबांना घरघर ऐकू जाईल, म्हणायची.’

टिकलीची एक कड सुटत आली होती. मी ती बोटानं दाबून बसवली. तेवढ्यात उकडतंय म्हणून वर्षानं पंखा लावला. घरघर सुरू झाली तसा सवयीनं तिचा हात तो बंद करायला पुन्हा बटणाकडे गेला. मी तिला म्हणालो, ‘राहू दे. चालू राहू दे.’