मांडीवर बसलेला प्रोग्राम

कॉम्प्युटरशी घरच्या माणसासारखं भांडणारी बाई साऱ्या परतुरात एकच, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला नणंद म्हणून आली. पुण्याच्या कंपनीचं काम ती आमच्या माडीवरून करायची. तिच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स या सिस्टीमला अरेतुरे, पण विंडोजला अहोजाहो. "जावई आहे, मानपान पाहावा लागतो!" एखादा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला, की संशयानं तिला जेवण जात नसे. मेथी निवडताना ती मला आपली अडचण समजावून सांगे आणि मध्येच "बराबर बोललात, वैनी!" म्हणून माडीकडे पळे. मी तोंडही उघडलेलं नसे.

गावातल्या कापसाच्या जिनिंग मिलला तिनं प्रोग्राम करून दिला होता: काट्यावर कापसाचं वजन झालं, की आकडा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. घरी लिनक्सवर तो झकास चालला. जिनिंगात विंडोज. ऐन हंगामात एका सकाळी आकडे यायचे थांबले. "माझा प्रोग्राम चुकणार न्हाई, तारच ढिली असंल," म्हणत ती मला घेऊनच निघाली.

फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. एक शेतकरी कावून म्हणाला, "ताई, कवाचा उभा राह्यलो. तुमचं यंत्र वजनं गिळून राह्यलं का?"

तिनं तारा तपासल्या, बदलल्या. मग पडद्यावर पाहते तर तिचाच प्रोग्राम दोनदा चालू. बाईसाहेब गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"वैनी, चूक माझीच. आकडे घ्यायची जागा म्हणजे खुर्ची समजा. तिच्यासाठी मी एक सेटिंग टाकलं होतं. लिनक्समध्ये त्याचा अर्थ, आधीचा उठून गेला की खुर्ची गार व्हायची वाट पाहू नको, बस. विंडोजमध्ये अर्थ होतो, कुणी बसलेलं असलं तरी खुशाल त्याच्या मांडीवर बस!"

ऑफिसातल्या माणसानं प्रोग्राम चुकून दुसऱ्यांदा उघडला होता. पडद्यावर वरचा रिकामा दिसत होता, आकडे त्याच्याआड दडलेला खालचा घेत होता. तिनं विंडोजपुरतं सेटिंग बदललं: खुर्ची एकाचीच. पडद्यावर आकडा उमटला, पहिला ट्रॅक्टर हलला. ती खिडकीशी उभी राहून रांग पुढे सरकताना पाहत राहिली. "आमच्या कामात असं काही हलताना कधी दिसतच न्हाई, वैनी," एवढंच म्हणाली.

आता ती नोकरीसाठी हैदराबादला असते. कापूस निघाला की फोन येतो, "काटा चालू आहे ना?"

"चालू आहे, ताई. काही तक्रार नाही."

"मंग तिथं माझी आठवण कोण काढणार!" ती हसते. मी फोन कानाला लावूनच मेथी निवडायला घेते.