आतल्या थरातला सदरा

मी संशयी आहे. हे मी लाजून सांगत नाही, कारण आमच्या काळाचौकीच्या चाळीत भोळं राहून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. बँकेतली नोकरी संपली, तरी नोट उजेडात धरून बघायची सवय गेली नाही, आणि माणसंही मी तशीच बघते. त्यामुळे गिरगावातल्या खोताच्या वाडीतली एक मुलगी दोन्ही खांद्यांना कापडी पिशव्या अडकवून आमच्या जिन्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या चाळीतल्या बायकांबरोबर मला एक गोधडी शिवायचीय," तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "का?"

"गिरणी संपाची गोधडी. ज्या घरातला माणूस संपात होता, त्या प्रत्येक घरातलं एक कापड. मग दादरला हॉलमध्ये लावायची."

"लावायची म्हणजे?"

"भिंतीवर."

गोधडी भिंतीवर! आमच्याकडे गोधडी अंगावर असते, नाहीतर अंगाखाली. मी तिला आत बोलावलं, पण चहा टाकला नाही. आमची चाळ पुनर्विकासात जायची आहे. गेली दोन वर्षं बिल्डरकडून गोड बोलणारी माणसं येतायत. कधी डोळे तपासायचं शिबिर, कधी हळदीकुंकू, आणि निघताना हळूच, "काकू, तुमचं मत काय मग?" ही त्यातलीच असणार असं मी धरून चालले.

"बिल्डरनं पाठवलंय का तुला?" मी सरळच विचारलं.

ती हसली. हसणं हे काही उत्तर नव्हे. मग तिनं पिशवीतून स्वतः शिवलेली एक गोधडी काढून माझ्या पलंगावर पसरली. तिच्या आजीच्या लाल चौकडीच्या लुगड्यातून कापलेलं एक घर होतं. लाकडी जिना, कठडा, दारातला क्रूस, सगळं जिथल्या तिथे. आणि वरून करड्या कापडाचा एक उंच पट्टा, टॉवरसारखा, थेट घराच्या छपरावर चढलेला. "हे आमचं घर," ती म्हणाली. "पाडायला टपलेत. भांडून भांडून घसा बसला, मग शिवायला घेतलं." गोधडी मला आवडली. तसं मी बोलून दाखवलं नाही. ती गेल्यावर गिरगावातल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण म्हणाली, पोरगी खरंच भांडतेय, वाडीत सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा कुठे मी हो म्हटलं.

माझ्या आईला मात्र हे आधीच पटलं होतं. आई ऐंशीच्या पुढची. बाबा साच्यावर होते, म्हणजे मागावर, कापड विणायच्या खात्यात. संपात गेले ते पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. पुढे वॉचमन झाले, मग खाटेवर पडले, मग गेले. आईच्या मते संप अजून मिटलेलाच नाही. "मिटला असं कोणी जाहीर केलंय का?" असं ती डॉक्टरांनासुद्धा विचारते. तिनं ट्रंकेतून बाबांचा निळा कामाचा सदरा काढला आणि मुलीच्या हातात देऊन सांगितलं, "हा मधोमध."

गणपती मंडळाची खोली दुपारची रिकामी असते. तिथेच सतरंज्या टाकून आम्ही बसू लागलो. गोधडीची रीत साधी. खाली एक सबंध लुगडं, वर जुन्या कापडांचे थर, आणि सगळ्यांत वर दिसणारी बाजू, तुकड्यातुकड्यांची. मग चारी बाजूंनी बायका बसतात आणि धावदोरा घालत आत सरकतात. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात वरच्या बाजूवरून अशी हाणामारी झाली की विचारू नका. प्रत्येकीला आपलं कापड वरच हवं, तेही मधल्या सदऱ्याला चिकटून. एकीनं तर नवऱ्याचं म्हणून आणलेलं धोतर चक्क नवं होतं, लेबलाचा डिंकसुद्धा निघालेला नव्हता. मी ते उजेडात धरलं, तशी ती घरी जाऊन खरं घेऊन आली. मुलीनं सगळे तुकडे मापात बसवले आणि वरच्या बाजूला कच्चे टाके घालून ठेवले.

आणि मग समोरच्या खोलीतल्या काकी आल्या.

काकी आमच्या समोर राहतात, पण आमच्याकडे येत नाहीत. कुणाकडेच येत नाहीत. कारण अख्ख्या चाळीला तोंडपाठ आहे: संपात त्यांचा नवरा कामावर गेला होता. मी तेव्हा शाळेत होते. ते काका जिन्यात दिसले की बाबा भिंतीकडे तोंड करायचे, आणि आम्हीही करायचो. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. चाळ पडणार म्हणून काकी लेकीकडे विरारला निघाल्या होत्या, अर्धं सामान गेलंही होतं. दारात उभ्या राहून त्यांनी घडी घातलेला एक खाकी सदरा पुढे केला.

"ह्यो माझ्या घोवाचो. घ्या गो तुमच्यात," त्या म्हणाल्या. "वर नको. आत घाला."

कुणी हात पुढे केला नाही. शेवटी त्या मुलीनंच तो घेतला. काकी गेल्या आणि खोलीत कुजबूज सुरू झाली. माझ्याही मनात पाल चुकचुकली. इथे प्रत्येकीला वर यायचंय आणि हिला आत कशाला जायचंय? आत गेलेलं कापड पुन्हा कुणाला दिसत नाही, तपासता येत नाही. एकीनं तर सरळ करणीचंच नाव काढलं. "कोकणातली बाई. शिवणीत काय बांधलं असेल, काय भरवसा? चाळ सोडून जाताना देऊन चाललीय!" दुसरी म्हणाली, आपण आता हिचं घेतलं की उद्या हीच सांगत फिरेल, आमचे पण संपात होते, बघा गोधडीत आहेत. मला हे दुसरं जास्त पटलं. करणीबिरणीवर माझा विश्वास नाही. तरीपण घरी नेऊन त्या सदऱ्याची कॉलर, खिसा, हातोपे, सगळं चाचपलं. खिशाच्या शिवणीत कापसाचे तंतू अडकलेले होते. ते आमच्या बाबांच्याही खिशात होते. त्यावरून काय कळणार?

आई खाटेवरून सगळं बघत होती. "काय सापडलं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मग तिलाच विचार ना. तोंड आहे तिला."

दुसऱ्या दिवशी थर पसरून झाले होते. वरची बाजू अजून टाकायची होती. आई काठी टेकत आली आणि खुर्चीवर बसली. काकींना मी स्वतः बोलावून आणलं. मनात म्हटलं, काय ते चारचौघांत होऊन जाऊ दे.

"काकी, खरं सांगा," मी म्हणाले. "हे आत का घालायचं?"

माझी खात्री होती की त्या आता म्हणणार, सगळं खोटं होतं, आमचे कधी गेलेच नव्हते. त्यावर विचारायचे चार प्रश्नही मी तयार ठेवले होते.

"गेल्लो तो," काकी म्हणाल्या. "मिलीत गेल्लो. ह्यां विरारचां चेडू तापान फणफणलां हुतां, घरात तांदळाची कणी नाय. आठवडोभर गेलो. मगे बाहेर इलो, पण तेका आपल्यात कोणी घेवक नाय. मरासर नाय."

माझे चारही प्रश्न फुकट गेले आणि मला रागच आला. या बाईनं नाही तरी म्हणायचं होतं! चाळीनं इतकी वर्षं जे धरून ठेवलं होतं ते खरं निघालं, आणि आता त्याचं करायचं काय, हे कुणालाच सुचेना.

"वर घालशात तर लोका बघतली, विचारतली," काकी पुढे म्हणाल्या. "आत कोण बघता? तुमच्या माणसांच्यात गप पडान ऱ्हवांदे तेका. माका आणखी काय नको."

"आपण ठेवूया ना," ती मुलगी हळूच म्हणाली. "न्यायाची गोष्ट सांगायची तर ही बाजू पण..."

"तू थांब," आई म्हणाली. "तुझं घर अजून उभं आहे."

सगळ्या बायका आईकडे बघू लागल्या. नवऱ्याची नोकरी, गावची जमीन, पुढे नवराही, सगळं त्या संपापायी गमावलेली बाई ती. तिनं नाही म्हटलं असतं तर तो सदरा परत विरारला गेला असता आणि कुणी हूं की चूं केलं नसतं. काकींनी तर परत घ्यायला हातसुद्धा पुढे केला होता.

आईनं सदरा मागितला. उलटा केला, सुलटा केला, माझ्यासारखाच खिसाही चाचपला. मग वाकून तो आतल्या थरावर ठेवला, बरोबर मधोमध.

"आता वरची बाजू आणा इकडे. आणि कात्री."

मुलीनं वरची बाजू आईच्या मांडीवर पसरली. आईनं चष्मा वर सारला आणि मधल्या निळ्या सदऱ्याचे कच्चे टाके एकेक करून कापायला घेतले. मी म्हटलं, "आई, काय करतेस?" तिनं ऐकलं नाही. बाबांचा सदरा सुटून तिच्या हातात आला. वरच्या बाजूला चौकोनी भोक पडलं.

"आजी, हे मधलंच रिकामं झालं," मुलगी घाबरून म्हणाली. "लोक आधी इथेच बघणार."

"साधं पांढरं लाव तिथे."

मी आईच्या तोंडाकडे बघत होते. ती माफ करत होती की आणखी काही मनात होतं, मला काही केल्या कळेना. काकींनाही कळलं नसावं. पदर तोंडाशी धरून त्या नुसत्या उभ्या होत्या. आईनं बाबांचा निळा सदरा त्या खाकी सदऱ्यावर पसरला आणि दोन्ही हातांनी सुरकुत्या काढून सारखा केला.

"त्याला एकट्याला नको आत," ती म्हणाली. "हे ठेवतील लक्ष."