शून्यापासून मोजणारी जाऊ

मुलांनो, तुम्ही विचारलंत, आजी कॉम्प्युटर कुठे शिकली? सुरतेत, नव्वदच्या दशकात. पांडेसऱ्यातल्या एका मिलच्या ऑफिसात मी दहा वर्षं कोबोल या भाषेत प्रोग्राम लिहीत होते. आधी आखलेल्या कागदावर पेन्सिलीने, ओळीओळीला क्रमांक घालून, मग मशीनवर. दिवाळीनंतर ते जुनं मशीन निघणार होतं आणि त्याबरोबर माझी खुर्चीही. म्हणून मी ‘सी’ या नव्या भाषेचा क्लास लावला.

माझी धाकटी जाऊ बी. एस्सी. झालेली, पण कधी नोकरी न केलेली. ती म्हणाली, “ताई, मीपण येते.”

तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “मोठीला गरज आहे, धाकटीला हौस.” मला ते ऐकून बरं वाटलं. पण तीन आठवड्यांत हौसेने गरजेला मागे टाकलं. तिची वही म्हणजे नुसती गिचमिड, पण प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालायचा. माझी वही छापल्यासारखी, आणि माझा प्रोग्राम अडायचा.

कारण एकच. कोबोलमध्ये मोजणी एकपासून. ‘सी’मध्ये रांगेतली पहिली जागा शून्याची. सर रोज म्हणायचे, “बेन, अहीं मींडाथी गणाय.” शून्यापासून मोजा. मला ते पाठ होतं, पण हात दहा वर्षं पहिल्या जागेला ‘एक’ लिहीत आला होता.

कापड व्यापाऱ्यांसाठी प्रोग्राम करणाऱ्या एका नव्या ऑफिसात एकच जागा निघाली. आम्ही दोघींनी अर्ज केले. तिथल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून सराव लिहीत होते. पोळ्या लाटता लाटता तिने मान वळवली.

“ताई, इथे पण शून्याऐवजी एक लिहिलंत.”

“माझी वही तपासायला तुला कुणी सांगितलं? पोळी करपतेय बघ.”

पोळी करपत नव्हती.

परीक्षेत बारा मागांच्या कापडाचे मीटर मशीनमध्ये आधीच भरलेले होते. त्यांची बेरीज करायची होती. मी कागदावर नीट लिहून काढलं, दोनदा तपासलं, मग टाइप केलं. उत्तर आलं ते कोट्यवधी मीटर! पहिला माग मी मोजलाच नव्हता, आणि बाराव्यानंतरच्या रिकाम्या जागेतला कसलासा कचरा बेरजेत धरला होता. शेजारच्या खुर्चीवर ती हाताची घडी घालून बसली होती. तिचं कधीच झालं होतं.

जागा तिला मिळाली. पहिल्या दिवशी मी तिच्या हातावर दही ठेवलं, हसलेसुद्धा. ती लूनावर बसून वळणाआड गेली आणि मला वाटलं, आज पाऊस यावा, ती लूना बंद पडावी. तुमच्यापासून काय लपवायचं?

त्या रविवारी ती बाजारात गेल्यावर मी तिच्या कपाटातून ती गिचमिड वही काढली आणि पहिल्या पानापासून माझ्या अक्षरात उतरवायला बसले. पिशवी घेऊन ती दारात कधी आली, कळलंच नाही.

“ताई, मागितली असती तर दिली नसती का?”

“दिली असतीस,” मी म्हटलं. “म्हणूनच मागितली नाही.”

ती पिशवी खाली ठेवून शेजारी बसली आणि मला न वाचता येणारे शब्द वाचून दाखवू लागली. मी मान खाली घालून लिहीत राहिले.