चढावरचा बाक

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंनी घराबाहेर पडायचं नावच टाकलं होतं. सगळी नोकरी रस्त्यांचे नकाशे काढण्यात गेलेली, आणि आता समोर नुसती भिंत. दिवसभर चिडचिड. शेवटी सुनेने आपला व्हिडिओ गेम त्यांच्या हातात दिला.

त्या गेममधल्या शहरात लोक गाड्या पळवतात, गोळ्या झाडतात. सासूबाई मात्र फुटपाथवरून चालल्या, सिग्नलला थांबल्या आणि एकेक गल्ली ट्रेसिंग पेपरवर उतरवत गेल्या. मध्येच एखादी गाडी अंगावर आली की ओरडायच्या, "डोळे फुटले का रे मेल्या?"

नकाशा पुरा झाला. सून वाकून बघत म्हणाली, "आई, बंदराच्या चढावर हा बाक कुठला? गेममध्ये तर नाहीये."

"नसू दे! एवढं चढून दम लागला तर माणसाने बसायचं कुठे? शहर बांधणाऱ्याला अक्कल नाही, म्हणून मीही गाढव व्हायचं?"

"आणि आपल्या गल्लीच्या चढावर आहे का हो बाक?"

सासूबाईंनी मनातल्या मनात गल्ली चढून पाहिली. काही केल्या आठवेना.

"आण ती काठी," त्या उठत म्हणाल्या. "बघितल्याशिवाय मी काही सांगत नसते."