कपाळापर्यंत आलेली नात

कॉम्प्युटरवर फोटो उघडायला लागला की वत्सला सिस्टर खुर्चीवरून उठून उभ्या राहत. पदर कमरेला खोचत, चष्मा नीट करत आणि पडद्यासमोर जराशा वाकून दोन्ही हात पुढे धरत. आपण असं करतो हे त्यांना ठाऊक नसावं. लग्नपत्रिका छापायला आलेली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघून हसू दाबायची. पहिल्या दिवशी मीही दाबलं होतं. पुढे कळलं, की सगळी नोकरी त्यांनी नेवासे तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत बाळंतपणं करण्यात काढली होती. त्या हातांना दुसरी सवयच नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरला माळीवाड्यात माझं डीटीपीचं लहानसं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि नुकतंच घेतलेलं इंटरनेट. ते टेलिफोनच्या तारेतून यायचं, आणि येण्यापेक्षा तुटायचंच जास्त. सिस्टर निवृत्त होऊन केडगावला राहत होत्या. त्यांचे पती एसटीत कंडक्टर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा मिलिंद अमेरिकेत नोकरीला. त्याला मुलगी झाली तेव्हा पहिले काही महिने तो पाकिटातून फोटो पाठवायचा. मग एक दिवस त्याने फोनवर सांगितलं, की आता सगळे फोटो एका वेबसाइटवर टाकत जाईन, तिथं तू कधीही बघू शकशील. त्या दिवसापासून पाकिटं बंद झाली, आणि सिस्टर रविवारी सकाळी माझ्या दुकानात येऊ लागल्या.

पहिल्या रविवारी वेबसाइटचा पत्ता त्यांनी फोनवर ऐकून मराठीत लिहून आणला होता. त्यातून इंग्रजी स्पेलिंग शोधण्यात आमचा बराच वेळ गेला. मग पासवर्ड.

"पासवर्ड माझंच नाव हाय म्हणला," त्या म्हणाल्या.

वत्सला हे नाव इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी मी लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी पडद्यावर यायचं, की हे नाव चुकीचं आहे. सिस्टर ते वाचून म्हणाल्या, "लई वर्षं हेच नाव हाय माझं. आजवर कुणी चूक म्हणलं न्हाई."

इंटरनेट जोडताना मोडेम किंचाळायला लागला, की दुकानातली माणसं तोंड वाकडं करायची. सिस्टर मात्र समाधानाने मान हलवायच्या. "रडलं. रडलं म्हंजी बरं हाय. न रडणाऱ्याची भीती वाटती."

शेवटी नाव जुळलं आणि फोटो उघडायला लागला. त्या काळी फोटो वरून खाली, रेघेरेघेने उतरायचा. आधी पिवळी भिंत आली. मग खिडकीचा पडदा, एक लाल फुगा, मग काळेभोर जावळ, मग कपाळ. तिथे तो थांबला. तार तुटली होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी सॉरी म्हणाले, तर सिस्टर उलट मलाच धीर द्यायला लागल्या.

"डोकं दिसलं ना? मग काळजी न्हाई. घाई केली की घोटाळा हुतो. बस तू निवांत."

दुपारपर्यंत आम्ही पुन्हा पुन्हा जोडत राहिलो. भुवयांच्या खाली काही ती उतरली नाही. निघताना दारातल्या चहावाल्याला सिस्टर कौतुकाने सांगत होत्या, "नात बघायला आल्ते. आज कपाळापर्यंत आली." त्याला काही उलगडा झाला नाही, तरी त्याने हो हो म्हटलं.

नात, म्हणजे रिया, पुरती दिसायला आणखी काही रविवार गेले. तो फोटो तळापर्यंत उतरला तेव्हा सिस्टर पडद्याच्या आणखी जवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "आता कळतंय, नाक आमच्या ह्यांचं घेतलंय." आणि थोड्या वेळाने, "वजन किती असंल गं?"

"फोटोवरून कसं कळणार, सिस्टर?"

"व्हय, फोटोवरून न्हाई कळत. हातात घ्यावं लागतं."

त्यांना तो फोटो घरी न्यायचा होता. वेबसाइटवर मोठी प्रत मागवायची सोय होती, पण ती पोचवली जायची फक्त अमेरिकेतल्या पत्त्यावर. मी माझ्या प्रिंटरवर काढून पाहिला. चेहरा हिरवट पिवळा आला. सिस्टरनी तो खिडकीच्या उजेडात धरला. "कावीळ झाल्यागत दिसतीय पोरगी," असं म्हणत त्यांनी कागद अगदी अलगद पिशवीत ठेवला.

एका रविवारी नेवाशाकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन पत्रिकेचा मजकूर द्यायला आले होते. सिस्टरना बघताच त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मुलीला म्हणाले, "पाया पड. ह्या सिस्टर. तुझ्या आईला बैलगाडीतनं आणल्तं, तवा ह्यांनीच सोडवली."

सिस्टरनी त्या मुलीचे दोन्ही दंड हातात घेतले, जसं काही अजून तपासायचंच आहे. "वजन लई कमी हुतं हिचं. कापसात गुंडाळून ठिवली हुती. आता बघा." मुलगी लाजली. ती दोघं गेल्यावर सिस्टर आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी तिथं रियाचे नुसते पाय होते, बुटांसकट. कुणीतरी गंमत म्हणून काढलेला फोटो. "नेवासे तालुक्यातली निम्मी पोरं आधी माझ्या हातात आली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावरच्या त्या बुटांवर बोट टेकवलं.

पुढे मिलिंदने पुण्याला येणाऱ्या एका मित्राबरोबर डिजिटल कॅमेरा पाठवला. आईने आपले फोटो काढावेत, ते मी वेबसाइटवर टाकावेत आणि त्याने तिकडे बघावेत, असा त्याचा बेत होता. कॅमेरा घेऊन सिस्टर आल्या त्या दिवशी त्यांच्या अंगावर नवी साडी होती. रोलशिवाय फोटो निघतो यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण दोनदा उघडून पाहिलं.

कॅमेऱ्याबरोबर एक वायर होती. ती कॉम्प्युटरच्या मागे नेमकी माउसच्याच जागेवर बसायची. म्हणजे कॅमेरा जोडायचा तर माउस काढायचा, आणि माउस काढला की पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही. कसंबसं कीबोर्डवरून पुढे गेले, तर सूचना आली, की कॅमेरा सापडत नाही.

"हा काय समोर ठिवलाय की," सिस्टर म्हणाल्या. मग वायरीवरून हात फिरवत, "नाळ जोडलीय, पण पोटात काय जात न्हाई."

सोबत आलेली सीडी माझ्या कॉम्प्युटरला पसंत पडली नाही. ती घातली की तो गप्प व्हायचा, आणि बंद करून पुन्हा सुरू करावा लागायचा. शेजारच्या कॉम्प्युटर क्लासचे सर येऊन मान हलवून गेले. कॅमेऱ्याचे सेल तर बघता बघता संपायचे. सिस्टर केडगावच्या किराणा दुकानातून सेल घेऊन यायच्या, आणि आम्ही वायर जोडेपर्यंत ते मान टाकायचे. असे कितीतरी रविवार गेले. मला वैताग यायचा. एकदा मी चिडून वायर उपटलीच. सिस्टर म्हणाल्या, "ओढायचं न्हाई. कंदीच ओढायचं न्हाई." त्या मला ओरडल्या ते एवढंच.

ज्या रविवारी अखेर फोटो कॉम्प्युटरवर उतरले, त्या दिवशी मी आनंदाने एकेक उघडून बघत गेले. पहिला त्यांच्या दाराचा होता, रांगोळी काढलेल्या. दुसरा स्वयंपाकघराचा. घासून लखलखीत केलेली भांडी मांडणीवर. मग बुद्धाची मूर्ती आणि समोर फुलं. मग पलंग, त्यावर नवी चादर. जेवणाचं ताट वाढलेलं. अंगणातली दोरी, तिच्यावर वाळत घातलेलं एकच लुगडं. फोटो चांगले होते, पण एकाही फोटोत माणूस नव्हतं. मला तेव्हा ते नीटसं लक्षात आलं नाही. ते सगळे चढवले आणि मिलिंदला ईमेल केली, की आईंचे फोटो टाकले आहेत.

दोन-तीन दिवसांत त्याचा फोन सिस्टरच्या शेजाऱ्यांकडे आला. पुढच्या रविवारी सिस्टरनी मला सांगितलं, "म्हणला, घर छान ठिवलंयस आई. पण तू कुठाय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, बाबा, कॅमेरा धरायला मीच. मग फोटोत कोण असणार?"

त्या हसल्या. मी कॅमेरा हातात घेतला. मी म्हटलं, "आज मी काढते तुमचा." त्यांना खुर्चीवर बसवलं, तर त्या ओळखपत्राच्या फोटोला बसावं तशा ताठ झाल्या. ओठ घट्ट मिटलेले, नजर भिंतीवर. तीन-चार फोटो वाया गेले. मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि नेहमीप्रमाणे त्यांना रियाचा नवा फोटो लावून दिला. तो उतरायला लागला तशा त्या उठल्या, पदर खोचला, वाकल्या. रियाने पहिल्यांदाच दात दाखवले होते. ते दिसले आणि सिस्टरचा सगळा चेहरा मोकळा झाला. तेवढ्यात मी बटण दाबलं.

तो फोटो वेबसाइटवर चढायला अर्धी सकाळ लागली. झाल्यावर मी ईमेल लिहायला घेतली, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"न्हाई. आता सांगू नकोस. तो आपणहून बघंल तवा बघंल. सांगून बघितलं तर ते बघणं न्हाई."

"अहो, त्याला कामं असतील."

"असत्यातच की. त्याला मी नावं ठिवत न्हाई. त्याला वाटतंय, टाकलं म्हंजी पोचलं. मला आपलं बघायचंय, कंदी बघतो."

त्या वेबसाइटवर प्रत्येक फोटोखाली, तो किती वेळा उघडला गेला, याचा आकडा असायचा. त्यानंतरच्या रविवारी सिस्टरनी आधी तो आकडा पाहिला. एक. तो आमचाच होता, चढवल्यावर बघितलेला. पुढच्या रविवारी दोन. तोही आमचाच, मागच्या वेळचा. आपण बघितलं की आकडा वाढतो हे त्यांनी लगेच हेरलं होतं. फोटो न उघडता नुसता आकडा दिसेल का, असं त्यांनी मला विचारलं. दिसत नसे.

मला ते बघवेना. मग मी आठवड्यात अधूनमधून, दुकानात गर्दी नसेल तेव्हा, तो फोटो उघडायला लागले. रविवारी आकडा बराच पुढे गेलेला असायचा. सिस्टर तो बघायच्या आणि रियाच्या फोटोकडे वळायच्या. मला वाटलं, त्यांना बरं वाटत असेल. एकदा ओल्या शेंगांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवताना त्या सहज म्हणाल्या, "सुनीता, तूच उघडतीस ना मधनंमधनं?"

मी खाली मान घालून हो म्हटलं.

"बरं करतीस. कुणीतरी बघतंय," त्या म्हणाल्या आणि शेंगा निवडायला बसल्या.

त्यानंतर त्यांनी आकड्याचा विषय काढला नाही. यायच्या, रियाला बघायच्या, जायच्या. मिलिंदचा फोन आला की काय बोलणं झालं ते सांगायच्या. त्याची नोकरी बदलायची होती, घर बदलायचं होतं, बायकोची तब्येत बरी नव्हती, रिया रात्रभर झोपू द्यायची नाही. सगळं खरंच होतं. येत्या उन्हाळ्यात आईला तिकडे न्यायचं, असंही ठरत होतं. सिस्टरनी पासपोर्टसाठी अर्ज केला होता.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी त्या आल्या नाहीत. सोमवारी त्यांच्या शेजारीणबाईंचा फोन आला. सिस्टर रविवारी पहाटे अंगणात पडल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मिलिंद येईपर्यंत त्यांना ठेवलं होतं. अंत्यसंस्कारानंतर दोन दिवसांनी तो माझ्या दुकानात आला. उंच, थकलेला, डोळे सुजलेले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला आईचा फोटो हवा होता. घरात एकच सापडला होता, नोकरीतल्या ओळखपत्रावरचा, तरुणपणीचा. शेजारच्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं.

मी माझ्या कॉम्प्युटरवर ठेवलेला तो फोटो उघडला. तो पुढे सरकला.

"हा कधीचा?"

"पाच-सहा महिने झाले."

"मी नाही पाहिला हा." मग त्याने विचारलं, "कुठे होता?"

वेबसाइटवरच होता, हे मी सांगितलं. तो सिस्टरच्या खुर्चीवर बसला. मग त्याने विचारलं, "कुणाकडे बघतेय ती? इतकी खूश होऊन?"

"रियाकडे," मी म्हटलं. "तिचे दात आले होते ना, तो फोटो."

त्याला तो मोठा करून फ्रेममध्ये हवा होता. पण तेव्हाच्या त्या कॅमेऱ्याचा फोटो फारसा मोठा होत नसे. मी वाढवत गेले तसा चेहरा चौकोनांत फुटत गेला. शेवटी पोस्टकार्डाएवढाच काढला, आणि त्याने तोच नेला.

कार्यक्रमाला केडगावचा हॉल भरला होता. नेवासे तालुक्यातून टेम्पो भरून माणसं आली होती. लेकुरवाळ्या बाया होत्या, कॉलेजातली मुलं होती, सासरहून आलेल्या मुली होत्या. समोर टेबलावर, बुद्धमूर्तीशेजारी, भल्यामोठ्या हारात तो एवढासा फोटो ठेवला होता. मागून काहीच दिसत नव्हतं. त्यामुळे वंदना झाल्यावर एकेक जण उठून पुढे जात होता, टेबलाशी वाकत होता, अगदी चेहरा जवळ नेऊन बघत होता. रांग दाराबाहेर गेली होती. मिलिंद टेबलाच्या कडेला उभा राहून त्या प्रत्येकाकडे बघत होता.