मॉर्गनवाल्या बाईंची घोडी

घोड्यांच्या प्रेमापोटी मी त्या फार्मवर गेले असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी गेले लिदीसाठी.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही अमेरिकेतल्या हर्नडनला नवंकोरं टाउनहाउस घेतलं. मागे सतरंजीएवढी जमीन, आणि तीही सगळी लाल चिकणमाती. मेथी दोन पानं दाखवायची आणि पिवळी पडायची. कोथिंबीर उगवायलाच तयार नव्हती. भारतीय दुकान तासाभराच्या अंतरावर, आणि तिथली जुडी घरी येईपर्यंत माना टाकायची. मग कोणीतरी सांगितलं की गावाबाहेर दहा मिनिटांवर घोड्यांचं फार्म आहे, तिथे लीद फुकट देतात.

"अगं, शेण आणायला तू ड्राइव्ह करून जाणार?" आमचे हे म्हणाले. "माझ्या ऑफिसातलं कोणी बघितलं तर काय इम्प्रेशन होईल!"

"बघितलं तर त्यांना मेथीच्या भाजीला बोलवा," मी म्हटलं आणि स्टेशन वॅगनच्या मागे जुनी ताडपत्री अंथरली.

फार्मची मालकीण सत्तरी ओलांडलेली, उंच, काटकुळी बाई होती. एका पायानं किंचित लंगडायची. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, फावडं हातात दिलं आणि म्हणाली, "लीद फुकट आहे. भरायची मात्र स्वतः." मी भरली. साताऱ्याची आहे मी, फावड्याला घाबरत नाही. पुढच्या आठवड्यात परत गेले, तेव्हा तिनं फावड्याबरोबर झाडूही दिला. तिसऱ्या खेपेला खरारा दिला. मला कळेपर्यंत मी आठवड्यातले चार दिवस तिच्या तबेल्यात होते आणि माझी मेथी कमरेएवढी झाली होती.

तोवर घोडा म्हणजे माझ्या लेखी एक तर टांग्याचा, नाहीतर वरातीतला. बाईंच्या घोड्या बघून मी पहिल्यांदा गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही सोपी गोष्ट नाही. मॉर्गन जातीचा घोडा फार उंच नसतो. पण बांधा घट्ट, मान कमानदार, कान लहान, डोळे मोठे आणि शांत. अमेरिकेतली ही जुनी जात. दोनशे वर्षांपूर्वीच्या एकाच घोड्यापासून सगळी वाढली आणि त्याच्या मालकाचं नाव तिला पडलं.

"बघ," बाई म्हणायच्या, "या धंद्यात सुरुवातीपासून नाव मालकाचंच आहे."

हे त्या हसून म्हणायच्या, पण हसणं डोळ्यांपर्यंत जायचं नाही. त्याचं कारण मला हळूहळू कळलं. पस्तीस वर्षं त्या घोड्यांची पैदास करत होत्या. कोणती घोडी कोणत्या घोड्याला दाखवायची, हे त्या हिवाळाभर चुलीशी बसून ठरवायच्या. अकरा महिने वाट बघायच्या, शिंगरू जन्मताना स्वतः गवतावर गुडघे टेकून असायच्या. आणि शिंगरू चांगलं निघालं की ते विकावं लागायचं, कारण बाकीच्यांचा चारा त्यातूनच यायचा. मग तेच शिंगरू मोठं होऊन दुसऱ्याच्या नावावर चॅम्पियन व्हायचं. मालक फोटोत, ट्रेनर फोटोत, आणि बाई प्रेक्षकांत बाकावर. छापील पुस्तिकेत मुंगीएवढ्या अक्षरांत 'पैदास' म्हणून त्यांचं नाव. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, असं मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे प्रत्येक मालकाला त्या नागोबाच म्हणू लागल्या.

एकच घोडी त्यांनी विकली नव्हती. गडद तांबडी, पाय आणि आयाळ काळी, शेपूट जमिनीला टेकणारी. तिची आई, आजी, पणजी याच तबेल्यात जन्मलेल्या. हिला त्यांनी पाच वर्षं राखून ठेवलं ते एकाच इच्छेनं. आयुष्यात एकदा आपण पैदास केलेली, आपल्याच मालकीची घोडी आपल्याच हातानं रिंगणात न्यायची आणि चॅम्पियन करायची.

आणि आता ते एकदाच शक्य होतं. जमीन विकली गेली होती, ऑक्टोबरात तिथे ऑफिसांच्या इमारतींचं काम सुरू होणार होतं. घोड्या वेगवेगळ्या घरी जायच्या होत्या, बाई बहिणीकडे. "तुझं घर आहे ना, तिथे माझ्या घोड्या चरायच्या," असं त्यांनी मला एकदा सहज सांगितलं होतं. त्यात टोमणा नव्हता. मला मात्र त्या दिवशी घरी येऊन चहा गोड लागला नाही. आमच्यासारख्यांना घरं हवीत, आमच्या यांच्यासारख्यांना ऑफिसं हवीत, म्हणून तर हे सगळं चाललं होतं.

राहिलं होतं ऑगस्टमधलं शेवटचं प्रदर्शन. त्यात घोडीवर कोणी बसत नाही. माणसानं लगाम हातात धरून तिच्याबरोबर पळायचं आणि परीक्षकासमोर तिला उभं करायचं. बाईंचं खुब्याचं हाड झिजलेलं होतं. डॉक्टरांनी पळायला साफ मनाई केली होती. एक नामांकित ट्रेनर फार्मवर येऊन म्हणाला, "मी नेतो तिला. जिंकलीच म्हणून समजा."

"मग ती तुझ्या हातात जिंकेल," बाई म्हणाल्या आणि त्याला कॉफी देऊन वाटेला लावलं.

घोडीच्या मागे चालायला एक मदतनीस लागतो, तिचं लक्ष आणि चाल पुढे राहावी म्हणून. त्या कामाला बाईंनी मला निवडलं. कपड्यांची अडचण होती, कारण तिथे सगळे सूटबूट घालतात. मी यांचा इंटरव्ह्यूचा कोट घातला. बाह्या आत दुमडून शिवल्या. आमचे हे बघून म्हणाले, "यार, माझ्यापेक्षा तुलाच जास्त सूट होतोय." त्यांनी आयुष्यात केलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, तिथल्या मैदानावरच्या तबेल्यात, घोडीची शेवटची तयारी माझ्याकडे होती. बाईंचा पाय दुखत होता, त्या मोटेलवर पडायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "सगळं तुझ्यावर सोपवते. स्वतःच्या मुलीचं करशील तसं कर."

मला मुलगी नाही. दोन मुलगे, दोघांचे केस घासणीसारखे बारीक कापलेले. वर्षभर मी त्या घोडीच्या शेपटीची एकेक बट बोटांनी सोडवत आले होते. कंगवा लावायचा नाही, केस तुटतो, हा बाईंचा नियम. तेव्हा बाईंचं ते वाक्य ऐकून मला काय झालं ते सांगून कळणार नाही. मुलीचं दुसऱ्या दिवशी काही महत्त्वाचं असलं की आमच्या घरात आदल्या संध्याकाळी काय करतात? आईनं माझं जे केलं तेच मी केलं. खोबरेल तेलाची बाटली माझ्या पिशवीत होतीच. अर्धी बाटली आयाळीत जिरवली, मुळांपर्यंत चोळली आणि मानेवर ओळीनं चौदा घट्ट वेण्या घातल्या. घोडीनं डोळे मिटून घेतले. मी तिच्याशी मराठीत बोलत होते आणि इतकी सुखात होते की काय सांगू.

सकाळी सात वाजता बाई आल्या आणि दारातच थांबल्या.

मॉर्गन घोड्याची आयाळ नैसर्गिक, मोकळी, वाऱ्यावर उडणारी हवी. वेणी चालत नाही. हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं म्हणे. वेण्या चालत नाहीत हे मलाही माहीत होतं, म्हणून बाई यायच्या आतच मी त्या सोडल्या होत्या. पण सोडल्यावर दिसलं ते भयंकर होतं. केस नागमोडी झालेले, तेलानं मानेला चिकटलेले, त्यात लाकडाचा भुसा रुतलेला. कढईत पडल्यासारखी दिसत होती बिचारी.

"तू तिला तेल लावलंस?" बाई म्हणाल्या.

"हो."

"का?"

"तुम्हीच म्हणालात, मुलीसारखं कर."

त्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या आणि हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिल्या. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पस्तीस वर्षांची एक इच्छा, आणि ती मी अर्ध्या बाटलीत बुडवली होती. करायला गेले गणपती आणि झालं माकड. अकरा वाजता आमची फेरी होती.

मी पाइप आणला आणि शाम्पू ओतला. पाणी विहिरीचं, गार. खोबरेल गारव्यानं थिजतं, हे मी साताऱ्याच्या थंडीत लहानपणापासून बघितलेलं, पण घाबरलेल्या माणसाला अक्कल कुठली? तेलाचे पांढरे कण सगळ्या आयाळीत साबुदाण्यासारखे दिसू लागले. तेव्हा मात्र मी पाइप खाली टाकला आणि स्वतःवरच मराठीत ओरडले. ओरडल्यावर माझं डोकं चालतं, पहिल्यापासून असंच आहे. दिवाळीत आई डोक्यावर तेल थापायची, ते काढायची कशानं? शाम्पू कोणी बघितला होता तेव्हा!

गाडीत डाळीच्या पिठाचं पाकीट होतं. चार दिवस परगावी राहायचं तर पिठल्याची सोय करूनच मी निघते. मी धावत कॉफीच्या गाडीवर गेले आणि दोन बादल्या गरम पाणी मागितलं. कॉफीवाल्यानं कारण विचारलं. "घोडीला न्हाऊ घालायचंय," मी म्हटलं, आणि माझा चेहरा बघून त्यानं दोन्ही बादल्या भरून दिल्या. कोमट पाण्यात पीठ कालवून मी ते मुळांपासून टोकांपर्यंत चोळलं. तेल पिठानं ओढून घेतलं. धुतलं, पुन्हा लावलं, पुन्हा धुतलं. बाई केव्हा उठल्या कळलं नाही. बघते तर पलीकडच्या बाजूनं त्याही कोपरापर्यंत पिठात.

"याला वास कसला येतोय?" त्यांनी विचारलं.

"जेवणाचा."

त्या हसल्या, आणि मला रडू आलं. मग दोघींनी टॉवेलनं पुसून, उन्हात उभं करून, तासभर एकेक बट बोटांनी मोकळी केली. दहा वाजता वारा सुटला तेव्हा आयाळ उचलली गेली, काळीभोर, हलकी, नुकत्या न्हालेल्या केसांसारखी. शेजारच्या तबेल्यातला एक नागोबा मुद्दाम येऊन आम्ही कोणतं कंडिशनर वापरतो ते विचारून गेला. मी सांगितलं नाही.

अकराच्या फेरीत आमच्या घोडीला निळी फीत मिळाली, म्हणजे पहिली आली. पण खरं होतं ते दुपारी, गटागटांतल्या विजेत्या घोड्यांच्या अंतिम फेरीत. पाच घोड्या. बाकी चौघींबरोबर तिशीतले, दणकट ट्रेनर. आमच्याकडे बहात्तर वर्षांची बाई आणि मागे नवऱ्याच्या कोटातली मी.

फाटक उघडलं आणि बाई पळाल्या. मी त्यांना याआधी कधी पळताना बघितलं नव्हतं. सरावातही त्यांनी पाय राखून ठेवला होता, या दोन मिनिटांसाठी. लंगडत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. प्रत्येक पावलाला त्यांचा खांदा कलत होता. पण हात लगामावर फुलासारखा हलका होता, आणि घोडी त्यांच्या खांद्याशी खांदा लावून अशी निघाली, गुडघे उंच, मान कमानीत, आयाळ मागे उडतेय, की बाकांवरची माणसं उभी राहिली. मी मागून धावत होते आणि मोठ्यानं "चल गं माझी बाय!" ओरडत होते. ते नियमात बसतं की नाही मला अजूनही माहीत नाही.

परीक्षकासमोर उभी राहिल्यावर घोडीनं कान टवकारले आणि हललीच नाही. बाईंच्या कपाळावरून घाम गळत होता, ओठ पांढरे पडले होते, तरी त्याही हलल्या नाहीत. परीक्षकानं पाचही घोड्यांभोवती दोनदा फेरी मारली, चिठ्ठी लिहिली आणि निवेदकाकडे दिली.

लाउडस्पीकरवरचा माणूस नेहमी सांगतो तसंच सांगू लागला. आधी चॅम्पियन घोडीचं नाव. मग मालकाचं नाव. मग पैदास करणाऱ्याचं नाव. मग रिंगणात आणणाऱ्याचं नाव. तिन्ही वेळा एकच नाव आलं. तिसऱ्यांदा घेताना त्याचा आवाज जरा चढला. मग तो म्हणाला की रिंगणातल्या उरलेल्या चारांपैकी तीन घोड्याही याच बाईंच्या तबेल्यात जन्मलेल्या आहेत. त्या तीन ट्रेनरांनी, त्या तीन नागोबांच्या माणसांनी, आपापल्या घोड्या वळवल्या, बाईंच्या समोर ओळीत आणून उभ्या केल्या आणि टोप्या काढल्या. टाळ्या थांबेनात. मी इतकी ओरडले की पुढे दोन दिवस मला आवाज नव्हता, आणि घरच्यांनी म्हणे तो सण साजरा केला.

बाईंनी घोडीच्या मानेला हात टेकला होता. त्या आधारावरच त्या उभ्या होत्या.

"काय म्हणाला तो?" त्यांनी मला विचारलं.

त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. कानांत काही दोष नव्हता.

"तुमचं नाव घेतलं," मी म्हटलं. "तीनदा."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली की मी घरात भांडं आपटते. त्या दिवशी रिंगणाच्या मधोमध, बसलेल्या घशानं, बाईंचं पोट भरेपर्यंत मी ते सांगत राहिले.