पालक कशावरून?

पालकसभेला आलेल्या माणसाला गुल्हाने सर आधी 'बसा' म्हणत नसत. चष्म्यावरून त्याला न्याहाळत आणि विचारत, "तुम्ही याचे पालक कशावरून?" शेतातलं काम टाकून आलेला बाप बिचारा भांबावून जाई.

सरांचा संशय उगाच नव्हता. घाटंजीच्या आमच्या शाळेची सभा नेमकी कापूस वेचणीत यायची. आईबाप शेतात, म्हणून मुलं रस्त्यात सापडेल त्याला पकडून आणत. जीपचा एक ड्रायव्हर तर एकाच दुपारी दोन वर्गांत दोन मुलांचा बाप झाला. तेव्हापासून सर मुलाला बाहेर उभं करून पालकाचीच परीक्षा घेऊ लागले. "मार्क मले ठाऊक हायेत. मले जे ठाऊक नाही ते सांगा. पोरगं भेते कायले? झोपीत काय बडबडते? नाहीतर सभा भरोतो कायले आपन?" बरेच जण नापास होत. पण पुढच्या खेपेला तेच लोक पोराकडे नीट बघून येत.

मी दहावीत होते. बोंडअळीनं लागोपाठ दोन वर्षं कापूस खाल्ला, म्हणून बाबा पांढरकवड्याहून हैदराबादच्या ट्रकवर जायचे. महिना महिना घरी नसत. घरात काकांचा शब्द चाले. त्या वर्षी सभेला काका आपणहून निघाले, तेही इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

"हिचा दाखला काढून द्या," काका सरांना म्हणाले. "पोरीचं मन नाही लागून राह्यलं शाळेत. दारव्ह्याचं स्थळ आलं हाये. तिच्या मायबापाचंबी हेच म्हननं हाये."

मी दाराबाहेर उभी होते. मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

सरांनी सावकाश चष्मा पुसला. "झोपीत काय बडबडते पोरगी?"

"आता हे मले काय ठाऊक?"

"मंग तिच्या मायबापाचं म्हननं तुमाले ठाऊक हाये, हे कशावरून?"

काका भडकले. "मास्तर, आमच्या घरात तुमी कायले नाक खुपसता?"

"तिची माय आल्याबिगर दाखला भेटत नाही," सर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पालकाला हाक मारली.

रविवारी मी आईबरोबर वेचायला गेले होते, तर सर सायकलवरून थेट शेतात. बायांची कुजबुज सुरू झाली, "मास्तर कायले आला? पोरीनं काही केलं वाटते." आईनं पोटाशी बांधलेली कापसाची ओटी न सोडताच आधी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं, मग माझ्याकडे. तिची ती नजर मला फार लागली.

सर धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच उभे राहिले. "सभा भरली हाये, बाई. पोरगी झोपीत काय बडबडते?"

"पाढे म्हनते," आई लगेच म्हणाली. "सतराच्या पाढ्यात अडकते अन् रडते. थोपटलं का मंग झोपते."

हे मलाही ठाऊक नव्हतं. सर आईला म्हणाले, "बसा." मग त्यांनी दाखल्याची हकिगत सांगितली. आईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, बाबांना तर नव्हतंच. तिनं ओटीतला कापूस ढिगावर ओतला आणि ती उभी राहिली. "मास्तर, मले इचारल्याबिगर कोनालेच दाखला देऊ नका. तिचा बाप आला तरी नाही."

त्या दिवसापासून काका आईशी बरेच दिवस बोलले नाहीत. स्थळ परत गेलं. मी दहावी झाले, पुढे नर्स झाले.

गेल्या वर्षी सर अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून मी आईला घेऊन भेटायला गेले. त्यांना आता माणसं ओळखू येत नव्हती. मी नाव सांगितलं, तुमची विद्यार्थिनी म्हटलं. त्यांनी डोळे बारीक केले.

"कशावरून?"

मला रडूच फुटलं. ज्या माणसामुळे मी शिकले, त्यालाच काय पुरावा द्यायचा? तेवढ्यात आई पुढं झाली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"सतराचा पाढा अजूनबी येत नाही हिले, मास्तर."

सर माझ्याकडे वळले. मग पलंगावर कसेबसे भिंतीकडे सरकले, कडेला जागा केली आणि म्हणाले, "बसा."